ओळख पाहिली

सोमवार, ३ मार्च

डॉक्टर म्हणाले, राग गिळू नका, लिहून काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. ह्यांनीच शिवून दिली, छापखान्यातल्या उरलेल्या कागदांची. छापखाना बंद पडून दोन वर्षं झाली, कागद काही संपत नाहीत. माझा राग लिहायचा तर ते सगळे लागतील, असं मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, अजून दोन वह्या शिवून ठेवतो.

आज दुकानाचं शटर वर जायच्या आधीच साहेबांनी आम्हा सगळ्या कॅशियरना गोळा केलं. नवा नियम आलाय. पाच हजारांच्या वरची खरेदी क्रेडिट कार्डावर असेल तर गिऱ्हाइकाचं ओळखपत्र मागायचं. फोटो चेहऱ्याशी जुळवायचा, नाव कार्डाशी जुळवायचं, आणि मग दुकानाकडे राहते त्या पावतीवर शिक्का मारायचा, 'ओळख पाहिली'. प्रत्येक काउंटरला एकेक शिक्का आणि जांभळ्या शाईचं पॅड मिळालं. कोणालाही वगळायचं नाही म्हणे. ओळखीचा असो, म्हातारा असो, माझी बायको आली तरी तिला विचारा, असं साहेब म्हणाले. त्यांची बायको आली तर त्यांनी स्वतःच विचारून दाखवावं.

हे सगळं कशामुळे, तर गेल्या महिन्यात चोरीची तीन कार्डं आमच्याकडे चालून गेली. आमच्या मशीनवर पिनचे आकडे दाबायला लागत नाहीत, नुसती पावतीवर सही करायची, मग काय, चोराला रान मोकळं. त्यातलं एक माझ्या तीन नंबरच्या काउंटरवर चाललं. त्याची लेखी ताकीद मिळाली मला, अकरा वर्षांत पहिली. साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, अजून एकदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." म्हणजे घरी बसा. आणि घरी काय आहे? ह्यांचं वह्या-पुस्तकं बांधायचं किरकोळ काम आणि माझा पगार. माझा पगार गेला तर घरात फक्त डिंक शिल्लक राहील. बावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार?

तरीपण खरं सांगायचं तर हा नियम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. ज्यांनी केला त्यांनी एकदा शनिवारी संध्याकाळी काउंटरला उभं राहावं. रांगेत अठरा माणसं, एकीचं पोर रडतंय, आणि मी म्हणायचं, थांबा, पाकीट काढा, फोटो दाखवा. मला माणूस बघताक्षणी कळतो. गेल्या महिन्यात चोरीचं कार्ड घेऊन आलेला तो कोटवाला निसटला, कारण त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता.

बुधवार, ५ मार्च

शेजारच्या चार नंबरला चिमणी असते. दिवसभर चिवचिव करते म्हणून चिमणी. आठ महिन्यांपूर्वी लागली, मीच तिला काम शिकवलं. मावशीकडे राहते, आणि मावशी दर रविवारी विचारते, कायम कधी होणार? पुढच्या महिन्यात पत्र मिळायचं आहे. मिळेल. पोरगी कामाला चांगली आहे, फक्त पुस्तकात लिहिल्यासारखी वागते.

आज तिने येईल त्याला ओळखपत्र मागितलं. एक टाय लावलेले गृहस्थ तर असे भडकले की पंखा घेतलाच नाही, तसेच गेले. तिची रांग मागे कपाटांपर्यंत गेली. शेवटी मी म्हटलं, "अगं, डोळे दिलेत ते वापर. ज्याचा संशय येईल त्याला विचार. बाकीच्यांना शिक्का मार आणि मोकळी हो."

"पण ताई, संशय कोणाचा घ्यायचा हे कसं कळतं?"

"कळतं. अकरा वर्षांनी कळेल तुलाही."

 

आज एक नव्या बाई आल्या होत्या, कानात मोती, बोलणं इतकं मऊ. काचेचे चार पेले घेतले, रोख दिले. म्हणाल्या, "तुमचे पाय दुखत असतील ना हो, दिवसभर उभं राहून?" अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही. मग विचारत होत्या, दुपारी गर्दी कधी कमी असते. म्हटलं, बाराच्या सुमाराला या, बरं पडेल. अशी माणसं आली की काम करावंसं वाटतं.

सोमवार, १० मार्च

डोकं ठणकतंय. लिहून टाकते.

सकाळी एक रंगारी आला. विजारीवर पांढरे-निळे डाग, हाताच्या नखांत रंग. मुलीच्या अभ्यासाला म्हणून चांगल्यातली टॅबलेट घेतली आणि क्रेडिट कार्ड पुढे केलं. मी ओळखपत्र मागितलं. नियमच आहे. त्याने वरचा खिसा बघितला, आतला बघितला, पिशवी उलटी केली, त्यातून पट्टी, ब्रश, डबा सगळं काउंटरवर. सापडलं. मी फोटो दोनदा पाहिला. फोटोत दाढी होती, आता नव्हती. म्हटलं, सही परत करून दाखवा. केली. मग साहेबांना बोलावलं, त्यांनीही बघितलं. कार्ड त्याचंच होतं.

जाताना म्हणाला, "तपासा बाई, माझी काही हरकत नाही. चोरी माझ्याच कार्डाची होऊ शकते. पण माझ्या पुढे दोघे होते, दोघांची खरेदी माझ्याहून मोठी. त्यांना नाही विचारलंत."

मागच्या रांगेत सगळं ऐकू गेलं.  पुढच्या दोघांना बघून कळत होतं. ह्याला बघून कळत नव्हतं, म्हणून विचारलं. यात अपमान कसला? नियम पाळला तरी बोलणी, नाही पाळला तर ताकीद.

ह्यांना सांगितलं तर खळीच्या भांड्यातून मान वर न करता म्हणाले, "सगळ्यांना विचारलं तर तपासणी. एकालाच विचारलं तर संशय." म्हटलं, तुम्ही तुमचं पुस्तक चिकटवा.

बुधवार, १२ मार्च

आज बरा दिवस. बाराच्या सुमाराला दुकान रिकामंच होतं. चिमणी "ताई, माझं बघा जरा" म्हणून बाथरूमला गेली. नियमाप्रमाणे जागा सोडताना आपला नंबर काढून मशीन बंद करायचं असतं. पण ते परत चालू व्हायला पाच मिनिटं खातं, आणि तेवढ्यात कोणी आलं की बोंबाबोंब. म्हणून शेजारणीने उभं राहायचं, ही आमची पद्धत. तिच्या पहिल्याच दिवशी मी तिला शिकवलं होतं.

तेवढ्यात त्या मोतीवाल्या बाई आल्या. मला चार नंबरला बघून म्हणाल्या, "आज इकडे होय!" दोन फोन घेतले, दोन्ही एकाच जातीचे, भारीतले. भाच्यांना द्यायचेत म्हणे, दोघांना वेगळे दिले तर भांडतात. कार्ड दिलं आणि स्वतःहूनच पर्स उघडली, "ओळखपत्र दाखवू ना?" मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय विचारायचं?" शिक्का मारून टाकला. सही करताना एकदा चुकल्या, खोडून परत केली, हसल्या, चष्मा बदलायला झालाय म्हणे. गुडघ्याला लावायच्या एका तेलाचं नाव मला कागदावर लिहून दिलं.

चिमणी परत आली आणि ती पावती हातात घेऊन बघत बसली. म्हटलं, ठेव आत, पाठ करायची आहे का?

शनिवार, १५ मार्च

भिंतीवरच्या फळ्यावर आठवड्यातलं सगळ्यात जलद काउंटर तीन नंबर. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. चिमणी शेवटून दुसरी. एका आजींना तिने ओळखपत्र मागितलं तर आजी खूश झाल्या, म्हणाल्या, माझं कार्ड कोणी पळवलं तर त्यालाही असंच अडव गं बाई. असेल एखादी अशी.

गुरुवार, २० मार्च



अकरा वाजता साहेबांनी चिमणीला आत बोलावलं. दार उघडंच होतं. एका शाळेतल्या बाईंची पर्स बसमध्ये गेली होती, अकरा तारखेला. बारा तारखेला त्यांच्या कार्डावर आमच्याकडे दोन फोन घेतले गेले. पावती चार नंबरची, वर चिमणीचा नंबर छापलेला, खाली जांभळा शिक्का, 'ओळख पाहिली'.

दोन फोन. दोन्ही एकाच जातीचे, भाच्यांसाठीचे.

चिमणीने विचारलं, "साहेब, वेळ काय आहे पावतीवर?" साहेब म्हणाले, बारा वाजून दहा मिनिटं. तिने मान वळवून बाहेर माझ्याकडे बघितलं. बावरली होती बिचारी. मग म्हणाली, "मला विचार करायला वेळ द्या." साहेब म्हणाले, विचार काय करायचा, नंबर तुझा आहे. कॅमेऱ्यातलं चित्र सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणजे बघायला काही उरलेलं नाही.

तिच्या लक्षातच नसेल. दिवसातून दोनदा जाते ती बाथरूमला, आठ दिवसांपूर्वी कधी गेली होती हे कोणाच्या लक्षात राहतं?

उद्या सकाळी साहेबांना सांगते. 

शुक्रवार, २१ मार्च

नाही सांगितलं.

सांगणार होते. साहेबांच्या खोलीत गेलेसुद्धा. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "बरं झालं आलात. ताई, तुम्ही सगळ्यात जुन्या. चिमणी कशी आहे हो, मनातून?" आणि मी म्हटलं, "मुलगी चांगली आहे. जरा वेंधळी आहे इतकंच."

का म्हटलं मी हे? ती वेंधळी नाही. आमच्यात सगळ्यात कमी चुका तिच्या असतात. पण शब्द गेला तोंडातून. साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

ती बावीस वर्षांची आहे. तिला दुसरीकडे काम मिळेल. तरतरीत आहे, हिशेब पक्का आहे. मला ताकीद आधीच आहे, मला कोणी माफी देणार नाही. तिला पहिलीच वेळ म्हणून सोडूनही देतील. दोघींपैकी एकीचंच जायचं तर जिला कमी लागेल तिचं जावं, हा साधा विचार आहे. ह्यात वाईट काही नाही.

शनिवार, २२ मार्च

जेवायच्या सुट्टीत ती नेहमीसारखी माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं होतं बसणार नाही. चिवचिव अजिबात नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, शुक्रवारी मुख्य कचेरीतून तपासणीला कोणी येणार आहे. मी काय सांगू? तुम्ही सांगाल तसं करते."

मी म्हटलं, "सरळ माफी माग. पहिली चूक आहे, सोडतील. वाद घातलास तर चिडतील."

"म्हणजे शिक्का मी मारला, असं सांगू?"

"नंबर तुझाच आहे ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, नंबर माझाच आहे." मावशीला अजून सांगितलं नाही म्हणे.

माझ्या मनात सारखं येतं, हिच्या लक्षात असतं तर हिने मला असं विचारलं असतं का? नसतंच विचारलं. म्हणजे लक्षात नाही.

सोमवार, २४ मार्च

ती बाई आज परत आली. मोतीवाली.

बाराच्याच सुमाराला. मी सांगितलेली वेळ. सरळ माझ्या रांगेत, हातात परत दोन फोनचे खोके आणि तेच मऊ हसू. "तेल लावलंत का गुडघ्याला?"  कार्ड पुढे आलं. मी म्हटलं, "ओळखपत्र."

तिने पर्समध्ये हात घातला, शोधल्यासारखं केलं आणि म्हणाली, "अगंबाई, घरीच राहिलं वाटतं. पण तुम्ही मला ओळखता की."

"ओळखपत्राशिवाय होणार नाही."

मग ती हसली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी नाही विचारलंत ते? त्या शेजारच्या काउंटरला उभ्या होतात तेव्हा?"

दारात पहारेकरी होता, दहा पावलांवर. एक हाक मारली असती तर पकडली गेली असती. माझं तोंड उघडलंही होतं. पण पकडली गेली तर ती हेच वाक्य साहेबांसमोर म्हणेल, हे मला कळलं आणि तिलाही कळलं. तिने खोके माझ्यासमोर सरकवले, कार्ड उचललं आणि सावकाश चालत गेली. पहारेकऱ्याने तिच्यासाठी दार धरलं.

मी पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल करायला घेतलं.

चिमणी शेजारीच होती. पण तिच्याकडे तेव्हा दोन माणसं होती आणि मशीनचा आवाज चालू होता. ऐकलं नसेल.

मंगळवार, २५ मार्च

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. सांगताना रडले नाही, सांगून झाल्यावर रडले. चोर माझ्या हातातून गेला आणि मी त्याला वाट करून दिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी माझ्या हाताने देतेय, आणि संन्यासी आहे ती पोरगी, जिला मी बिल करायला शिकवलं.

मला वाटलं हे म्हणतील, जा आणि खरं सांग. ह्यांना तत्त्वं भारी. ह्यांनी हातातला दोरा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "सांगायचं असेल तर मला आधी सांगू नकोस. मी तुला अडवीन."

चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं छापलेला माणूस असं बोलला. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. भाड्याचं, औषधांचं त्यांनाही दिसतंच.

बुधवार, २६ मार्च

आज त्या शाळेतल्या बाई दुकानात आल्या. ज्यांची पर्स गेली त्या.

साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. साहेबांकडे न जाता सरळ चार नंबरला. चिमणीला म्हणाल्या, "तुम्हीच का त्या, ज्यांनी माझी ओळख पाहिली?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नवं करून घेतलेलं ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "बघा. मी अशी दिसते. बँक म्हणते, दुकानाने ओळख पाहिल्याचा शिक्का आहे, म्हणजे खरेदी तुम्हीच केली असणार. पंधरा दिवस मी सगळीकडे सांगत फिरतेय की मी ती नव्हे. तुम्ही शिक्का नसता मारला तरी एक वेळ चाललं असतं. न बघता मारलात ना, त्याने मी खोटी ठरले."

मी तीन नंबरला उभी. माझ्यात आणि चिमणीत एका हाताचं अंतर. मी मान खाली घालून सुटी नाणी लावत होते, लावलेली परत लावत होते.

चिमणीने ओळखपत्र दोन्ही हातांनी उचललं, नीट बघितलं, परत दिलं. म्हणाली, "चुकलं आमचं. मी लिहून देईन बँकेला, तुम्ही त्या नव्हतात म्हणून."

"तुम्हाला आठवते का ती कोण होती?"

"दिसली तर ओळखेन," चिमणी म्हणाली.

 ती कशी ओळखेल? ती तर बाथरूममध्ये होती.

गुरुवार, २७ मार्च

उद्या दहाला तपासणी. मला साक्षीला बोलावलंय, जुनी म्हणून. आज दिवसभरात एकशे चार गिऱ्हाइकं केली आणि मोठ्या खरेदीच्या प्रत्येकाला ओळखपत्र मागितलं. कोणी भडकलं, कोणी मुकाट्याने दाखवलं, एक तर म्हणाले, उशिरा का होईना सुरू केलंत. रांग काही दारापर्यंत गेली नाही. एकेकाला अर्धं मिनिट लागतं. अर्ध्या मिनिटासाठी मी हे सगळं केलं.

ह्यांना काही सांगितलं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

आत्ता दुपार आहे. घरी आहे. सगळं झालं तसं लिहिते.

साहेबांची खोली, टेबलामागे मुख्य कचेरीतले तपासणीस, शेजारी साहेब. मला खुर्ची दिली. चिमणीला दिली नाही, कोणाच्या लक्षातच आलं नाही. टेबलावर प्लॅस्टिकच्या पाकिटात ती पावती. बाजूला एक टाइप केलेला कागद, चिमणीच्या सहीसाठी. माझ्याकडून चूक झाली, मी ओळखपत्र न पाहता शिक्का मारला, मला मान्य आहे. मी शनिवारी तिला जे सांगितलं तेच त्यात होतं.

तपासणीस म्हणाले, "सही करण्याआधी काही सांगायचंय?" चिमणीने मान हलवली. नाही. पेन हातात घेतलं. मग त्यांनी नुसतं रीत म्हणून मला विचारलं, "ताई, तुम्ही शेजारीच असता. अकरा वर्षांचा अनुभव. ही शिक्का न बघता मारते का हो? तुम्ही म्हणाल ते आम्ही धरू."

मी कुठे होते त्या वेळेला, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या मशीनची बिलांची पट्टी काढून बघितली असती तर बारा ते सव्वाबारा माझ्याकडे एकही बिल नाही हे दिसलं असतं. कोणीच बघितली नाही. माझे पिकलेले केस बघितले, चष्मा बघितला आणि माझं सगळं खरं धरलं.

मी 'हो' म्हणणार होते. खरंच म्हणणार होते, वहीत खोटं कशाला लिहू. तोंड उघडलं होतं आणि 'हो' म्हणायला तेवढंच पुरतं. पण चिमणीने त्याच वेळी पेनाचं टोपण काढलं आणि ते ठेवायला जागा मिळेना म्हणून तोंडात धरलं, काउंटरला गर्दी असली की धरते तसं. मला काय झालं कळलं नाही. मी म्हटलं, "तो शिक्का मी मारला."

"म्हणजे?"

"ही बाथरूमला गेली होती. मी हिच्या जागेवर होते. बाई ओळखीच्या वाटल्या, म्हणून न बघता मारला. ही कधीच न बघता मारत नाही. मी मारते." मग थांबताच येईना. सोमवारी ती बाई परत आली होती तेही सांगितलं.

साहेब उभेच राहिले. "समोर होती? आणि तुम्ही जाऊ दिलीत?"

"हो."

"आणि हिला वेंधळी म्हणालात."

"हो."

 तपासणीसांनी चिमणीपुढचा कागद ओढून घेतला आणि दोन तुकडे केले. मला ओळखीचा बिल्ला आणि खणाची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. उद्यापासून यायचं नाही, पत्र घरी येईल. चिमणीला म्हणाले, मशीन उघडं टाकून गेलीस ही चूक आहेच, कायम करायचं तीन महिने पुढे ढकलतो. मी म्हटलं, तेही मीच शिकवलं तिला. त्यांनी ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. म्हणजे मी खरं सांगूनही तिचं पूर्ण भलं झालं नाहीच. आठ दिवस आधी सांगितलं असतं तर कदाचित झालं असतं.

मी मागच्या खोलीत सामान घ्यायला गेले. कपाटात असं काय असतं, एक स्वेटर, जुनी चप्पल, ती तेलाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. चिमणी मागोमाग आली आणि दाराला टेकून उभी राहिली. मला वाटलं आभार मानायला आली. इतकी मी मूर्ख.

म्हणाली, "मी तेव्हाच परत आले होते. खांबापाशी थांबले. तुम्ही त्या बाईंशी हसत बोलत होतात, मध्ये कशाला जा, म्हणून. शिक्का मारताना बघितलं मी तुम्हाला."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"वेळ विचारली तेव्हाच कळलं. सोमवारी ती काय बोलली तेही ऐकलं."

"मग सांगितलं का नाहीस गं? सही करायला निघालीस!"

"कोणाला सांगणार? तुम्ही अकरा वर्षांच्या, मी आठ महिन्यांची. नंबर माझा. माझा शब्द कोण धरणार होतं?" मग म्हणाली, "आणि मला वाटलं, ताई सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. म्हणून रोज तुमच्यासमोर येऊन बसत होते. मला घास जात नव्हता. तुम्हाला कसा जात होता, तेवढं सांगा."

तिने खरंच विचारलं होतं. उत्तराची वाट बघत उभी होती. बाहेरून तिच्या काउंटरला कोणीतरी हाक मारली, तशी ती गेली.

मला तिला काही सांगता आलं नाही. इथे सांगते. जात होता. शनिवारी ती अर्धा डबा तसाच टाकून उठली, तोसुद्धा मीच संपवला. वहीत तेवढं लिहिलं नव्हतं.